महाकाय प्राण्यांचे चित्रपट आणि विज्ञानकथा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाकाय प्राण्यांचे चित्रपट मी मनापासून पाहतो, त्यांवर बोलतो आणि इतरांना ते आग्रहाने दाखवतो, हे लातूर, धाराशिव आणि नांदेडकडच्या माझ्या परिचितांना चांगलेच ठाऊक आहे. त्यामुळे लग्नकार्यापासून शाळेच्या स्टाफरूमपर्यंत सगळीकडे मला तेच ते प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

महाकाय प्राण्यांचे चित्रपट म्हणजे नेमके कोणते?

ज्या चित्रपटात इमारतीएवढा किंवा त्याहूनही मोठा प्राणी अवतरतो आणि त्याच्या येण्याने एखाद्या शहराचे किंवा संपूर्ण देशाचे जगणे उलथेपालथे होते, तो या प्रकारात मोडतो. जपानमध्ये अशा प्राण्यांना 'कैजू' म्हणतात आणि जगभरच्या चाहत्यांनी तोच शब्द उचलला आहे. भुताखेतांच्या चित्रपटांपेक्षा हा प्रकार अगदी वेगळा आहे. भूत एकट्यादुकट्याला दिसते आणि बाकीचे त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. हा प्राणी मात्र भर दिवसा सगळ्यांना दिसतो, त्यामुळे तो खरा की खोटा हा वाद उरत नाही आणि आता करायचे काय, एवढाच प्रश्न सरकारपुढे, शास्त्रज्ञांपुढे आणि सामान्य कुटुंबापुढे उभा राहतो. मला या चित्रपटांची ओढ आहे ती या प्रश्नामुळे.

सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी?

१९५४ च्या मूळ जपानी 'गॉडझिला'पासून करावी. मात्र तो पाहताना १९५६ ची अमेरिकी आवृत्ती हाती लागणार नाही, याची काळजी घ्यावी. त्या आवृत्तीत रेमंड बर हा अमेरिकी नट पत्रकाराच्या भूमिकेत मागाहून जोडला आणि मूळ चित्रपटातील अणुबाँबविषयीचा बराचसा भाग कापून टाकला, म्हणजे चित्रपटाचा गाभाच काढून घेतला. ज्यांना कृष्णधवल चित्रपट पाहवत नाहीत, त्यांनी २०२३ चा 'गॉडझिला मायनस वन' आधी पाहावा आणि मग मागे वळावे. तिसरा म्हणून बाँग जून-हो यांचा २००६ चा कोरियन 'द होस्ट' पाहावा. त्यात रसायन गटारीतून हान नदीत सोडले जाते, त्यातून प्राणी उपजतो, आणि त्याच्याशी सैन्यापेक्षा अधिक नेटाने झुंजते ते नदीकाठी खाद्यपदार्थांचे छोटे दुकान चालवणारे एक कुटुंब.

१९३३ चा 'किंग काँग' हा या सगळ्यांचा पूर्वज आहे. पण तो मी पहिला म्हणून सुचवत नाही, कारण त्यातील बेटावरच्या लोकांचे चित्रण आज खटकते आणि नवा प्रेक्षक तेथेच अडखळतो.

१९५४ च्या त्या जुन्या चित्रपटात एवढे काय आहे?

त्यासाठी त्याच वर्षीची एक घटना माहीत असावी लागते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. स्फोट १५ मेगाटनांचा झाला, म्हणजे शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या सुमारे अडीचपट. दूरवर मासेमारी करत असलेल्या 'लकी ड्रॅगन' या जपानी बोटीवर पांढरी राख पडू लागली आणि बोटीवरचे २३ जण किरणोत्साराने आजारी पडले. बोटीचे रेडिओचालक आयकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला मरण पावले, आणि ३ नोव्हेंबरला तोहो कंपनीचा हा चित्रपट पडद्यावर आला. त्याची सुरुवात कशाने होते? समुद्रात एक बोट आहे, पाण्यातून डोळे दिपवणारा उजेड येतो आणि बोट पेट घेऊन बुडते. तो उजेड कसला, हे त्या वर्षीच्या जपानी प्रेक्षकाला समजावून सांगावे लागले नाही.

दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धात सैनिक होते आणि मायदेशी परतताना त्यांनी बेचिराख झालेले हिरोशिमा पाहिले होते. त्यामुळे त्यांचा गॉडझिला शहर तुडवतो तेव्हा कॅमेरा त्याच्या पराक्रमावर रेंगाळत नाही. आगीच्या वेढ्यात सापडलेली एक बाई मुलांना पोटाशी धरून बसली आहे आणि 'आता आपण बाबांकडेच जाणार' असे त्यांना सांगते आहे. हे दृश्य काही क्षणांचे आहे, पण युद्धात नवरा गमावलेल्या बाईचे अख्खे आयुष्य त्यात आहे. त्यानंतर दुसऱ्या दिवसाची सकाळ येते. दवाखान्याच्या बोळात जखमी ओळीने निजवलेले आहेत, एका लहान मुलाजवळ किरणोत्सार मोजण्याचे यंत्र धरले जाते, आणि ते धरणाऱ्याचा चेहराच सारे काही सांगून जातो.

ही दुसऱ्या दिवसाची सकाळ मी प्रत्येक चित्रपटात शोधतो. प्राण्याच्या येण्याला काही कारण आहे का, आणि तो गेल्यावर मागे काय उरले हे दाखवले आहे का, या दोनच गोष्टींवर माझी आवडनिवड ठरते. उत्तम यंत्रणा आणि अफाट खर्च असूनही या दोन गोष्टी नसतील, तर तो चित्रपट माझ्या लक्षात राहत नाही.

शेवटही असाच विचारपूर्वक केलेला आहे. प्राण्याला मारू शकणारे अस्त्र डॉ. सेरिझावा या शास्त्रज्ञाकडे असते, पण ते एकदा वापरले की जगातील सत्ताधारी त्याच्यामागे लागतील, हे तो ओळखून असतो. म्हणून तो सगळी टिपणे जाळतो आणि अस्त्र वापरताना स्वतःही समुद्राच्या तळाशीच राहतो. शास्त्रज्ञाच्या जबाबदारीवर इतके स्पष्ट बोलणारे चित्रपट त्या काळात फार नव्हते.

पण तो तर रबरी पोशाखातला माणूस आहे. पाहताना हसू येत नाही का?

पहिली दोन मिनिटे येत असेल, पुढे येत नाही, असा माझा अनुभव आहे. आणि ज्यांना तरीही येते त्यांना मी या कामातील कष्ट आणि अक्कल समजावून सांगतो.

विशेष दृश्यांचे प्रमुख एजी त्सुबुराया हे 'किंग काँग'ने भारावलेले होते. काँगची हालचाल विलिस ओब्रायन यांनी छोट्या बाहुल्यांच्या आधारे साधली होती : बाहुली किंचित हलवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा किंचित हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी अशी २४ चित्रे लागतात. तोहोकडे त्यासाठी लागणारा वेळ नव्हता, म्हणून पोशाखात माणूस घालून त्याच्याभोवती लहान शहर उभारण्याचा मार्ग निवडला गेला. पोशाखाचे वजन सुमारे १०० किलो होते. आत हारुओ नाकाजिमा असत. दिव्यांच्या झळा, आतला कोंडलेला उकाडा आणि जेमतेम दिसणारी वाट अशा स्थितीत ते चालत. प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्तीसारख्या जड प्राण्यांच्या चालीचा त्यांनी अभ्यास केला होता, आणि त्यांच्या पावलांतून ते जाणवते : आधी भार एका पायावर येतो, मगच दुसरा पाय उचलला जातो.

लहान शहर मोठे कसे भासते, यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. शहराची प्रतिकृती खऱ्याच्या १/२५ प्रमाणात होती. २५ मीटर उंचीवरून पडणारा दगड जमिनीवर यायला सुमारे २.२६ सेकंद लागतात, तर १ मीटर उंचीवरून सुमारे ०.४५ सेकंद, म्हणजे पाचपट कमी. मीटरभर उंचीची इमारत नेहमीच्या वेगाने चित्रित केली तर ती चटकन कोसळते आणि तिचे खेळणेपण उघडे पडते. म्हणून कॅमेरा जास्त वेगाने फिरवायचा आणि पडद्यावर ते चित्रण नेहमीच्या वेगाने दाखवायचे. मग कोसळणे संथ होते आणि त्याला वजन येते. १/२५ या प्रमाणाला अगदी नेमका हिशेब लावायचा तर वेग पाचपट हवा. पुढच्या वेळी एखादी भिंत पडताना पाहाल, तेव्हा तिच्या तुकड्यांकडे आणि धुळीकडे पाहावे. कारागिराचे खरे कसब तेथे कळते.

त्याची डरकाळी कोणत्या प्राण्याची आहे?

कोणत्याही प्राण्याची नाही. प्राण्यांचे आवाज वापरून पाहिले गेले, पण ते मनासारखे जमले नाहीत. तेव्हा संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारेवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून तो आवाज काढला आणि ध्वनिमुद्रणाचा वेग बदलून त्याला आजचे रूप दिले. त्या आवाजात रागाबरोबर एक विव्हळणेही आहे, ते मला फार मोलाचे वाटते, कारण बाँबने होरपळलेला पहिला जीव या कथेत तोच आहे.

एवढा मोठा प्राणी खरोखर असू शकतो का?

जमिनीवर असू शकत नाही. याचे कारण गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात दिले आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ च्या एका निबंधात ते सामान्य वाचकाला समजेल असे मांडले. २ मीटर उंचीचा जीव त्याच ठेवणीने ५० मीटर केला, तर त्याची उंची २५ पट होते, हाडांचा छेद २५ गुणिले २५ म्हणजे ६२५ पट होतो, पण वजन २५ चा घन म्हणजे १५,६२५ पट होते. हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर २५ पट भार आला की पहिल्याच पावलाला मांडी मोडणार. देवमासा ३० मीटरपर्यंत वाढू शकतो, कारण त्याचा भार पाणी तोलून धरते.

हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केले, ते भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. आपल्या शेजारच्या विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे, एका प्रचंड शाकाहारी डायनासोरचे अवशेष सापडले आहेत आणि त्याचे 'इसिसॉरस' हे नाव त्याच संस्थेच्या आद्याक्षरांवरून ठेवलेले आहे. ज्या मुलांना खरे महाकाय प्राणी हवे असतात, त्यांना मी डोंगरगावची गोष्ट सांगतो.

उंचीचाच विषय निघाला म्हणून एक माहिती. पहिला गॉडझिला ५० मीटरांचा होता, कारण त्या काळी टोकियोत इमारतींना ३१ मीटरांची मर्यादा होती आणि त्यांच्यावरून त्याचे डोके दिसायला एवढी उंची पुरेशी होती. आपल्या दौलताबादचा चाँद मिनार सुमारे ६३ मीटर उंच आहे. म्हणजे पंधराव्या शतकातील त्या मिनाराच्या माथ्यावर उभे राहिलेल्या माणसाला गॉडझिला खाली वाकूनच पाहावा लागला असता. पुढे शहरे वाढली तसा तोही वाढला आणि २०१६ च्या 'शिन गॉडझिला'त ११८.५ मीटरांवर गेला.

जेथे भूकंप झाला, तेथे पडणाऱ्या इमारती करमणूक म्हणून पाहणे योग्य आहे का?

हा प्रश्न मला औसा आणि लोहारा या तालुक्यांतील लोकांनी अनेकदा विचारला आहे आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि सास्तूरचा परिसर हादरला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी घरे झोपलेल्यांवर कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. ज्याने ढिगाऱ्यातून आपले माणूस बाहेर काढले आहे, त्याने असा चित्रपट पाहावा असा आग्रह मी कधीही धरत नाही, आणि घरातील वडीलधारे समोर असतील तर असा चित्रपट लावण्यापूर्वी त्यांना विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही सगळे विध्वंसपट एकाच मापाने मोजू नयेत. ज्यांत इमारती रिकाम्या खोक्यांसारख्या कोसळतात, आत कोण होते हे कोणी विचारत नाही आणि नायक हसत पुढच्या प्रसंगाला जातो, असे चित्रपट मलाही त्रास देतात. याउलट ज्यांत दुसऱ्या दिवसाची सकाळ असते, ते चित्रपट पाहताना उत्तर न मिळालेल्या दुःखाला निदान कोणीतरी जागा दिली आहे, असे वाटते. २०११ चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाचा अणुअपघात यांच्यानंतर आलेला 'शिन गॉडझिला' तर जवळजवळ सगळा बैठकांतच घडतो : कोणत्या खात्याने आदेश काढायचा, कोणाची सही लागेल, लोकांना हलवायचे तर कोठे. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी हे इतक्या बारकाईने दाखवले आहे की, पंचनाम्याची वाट पाहत तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला तो चित्रपट अनोळखी वाटणार नाही.

गॉडझिला चांगला की वाईट?

काळाप्रमाणे बदलत गेला. पहिल्या चित्रपटात तो संकट होता. १९६२ मध्ये त्याची काँगशी कुस्ती लावली गेली, १९६४ मध्ये तो तीन मुंडक्यांच्या गिदोराविरुद्ध पृथ्वीच्या बाजूने लढला आणि पुढे लहान मुलांचा लाडका झाला. मला संकट असलेलाच आवडतो.

हा तर परदेशी छंद झाला. आपल्याकडे असे काही आहे का?

वेरूळच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात, कैलास मंदिराच्या दक्षिण अंगाला, रावण कैलास पर्वत हलवतो आहे ते शिल्प नीट उभे राहून पाहावे. खाली, अंधाऱ्या पोकळीत, अनेक हातांचा रावण पर्वताला खांदा देतो आहे. वर शिव स्वस्थ बसलेले आहेत आणि पायाने पर्वत दाबत आहेत. पार्वतीने घाबरून त्यांचा हात घट्ट धरला आहे. आणि तिच्या मागे एक दासी पाठमोरी होऊन पळत सुटली आहे. आठव्या शतकातील त्या शिल्पकाराला कळले होते की राक्षसाचे बळ नुसते त्याच्या दंडांवरून कळत नाही, ते पळणाऱ्या माणसाच्या पाठीवरून कळते. होंडांनी टोकियोच्या रस्त्यांवर कॅमेरा ठेवताना नेमके हेच केले. मी पाहुण्यांना वेरूळला नेतो तेव्हा त्यांना आधी ती दासी दाखवतो.

महाभारतातील घटोत्कचाचा अंतही या संदर्भात आठवावा. कर्णाची शक्ती लागल्यावर तो मरता मरता आपला देह वाढवतो आणि कौरवांच्या सैन्यावर कोसळून एक अक्षौहिणी चिरडतो.

चित्रपटांत मात्र आपली परंपरा तुटक आहे. १९६६ मध्ये 'गोगोला' नावाचा हिंदी राक्षसपट आला होता, पण तो आज पाहायला मिळत नाही. १९६७ च्या 'चाँद पर चढाई'त दारासिंग यांनी अंतराळात कुस्त्या केल्या. २०१८ च्या '२.०' या तमिळ चित्रपटात मोबाइल फोनांचा बनलेला अजस्र पक्षी आहे आणि त्याच्यामागे पक्ष्यांसाठी झुरणाऱ्या माणसाचे दुःख आहे, म्हणून तो मला आपल्याकडचा सर्वांत जवळचा प्रयत्न वाटतो.

मराठी विज्ञानकथेत काय वाचावे?

जयंत नारळीकरांपासून सुरुवात करावी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. परीक्षकांनी नावाकडे न पाहता कथेचा गुण ओळखला, याचा मला आजही आनंद वाटतो. त्यांच्यानंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे आणि सुबोध जावडेकर यांच्या कथा वाचाव्यात. जावडेकर आणि लोंढे यांच्याकडे तंत्रज्ञानापेक्षा माणसाची कोंडी अधिक दिसते, आणि ज्यांना हे चित्रपट आवडतात त्यांना त्या कथा लवकर भिडतात. गूढ आणि भय हवे असेल तर नारायण धारप आहेतच.

लहान मुलांना दाखवावे का?

साठच्या दशकातील रंगीत जपानी चित्रपट आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी खुशाल पाहावेत. १९५४ चा मूळ चित्रपट आणि 'मायनस वन' मात्र मूल हिरोशिमाविषयी शाळेत शिकल्यावर, शेजारी बसून दाखवावेत.

हिंदीत डब केलेले पाहिले तर चालते का?

चालते. १९९४ मध्ये 'ज्युरासिक पार्क' हिंदीत आला आणि छोट्या शहरांतील प्रेक्षकांना हे जग त्यामुळेच खुले झाले. जपानी चित्रपट मात्र शक्य असेल तर मूळ आवाजात आणि उपशीर्षकांसह पाहावेत. ताकाशी शिमुरा यांच्यासारख्या नटाचा थकलेला, अडखळता आवाज डबिंगमध्ये हरवतो.

मोबाइलवर पाहिले तर काय बिघडते?

प्राण्याचा आकार बिघडतो. ज्या चित्रपटाचा विषयच मोठेपणा आहे, तो तळहातावर मावता कामा नये. चित्रपटगृह दूर असेल तर गणेशोत्सवात वापरतात तसा प्रोजेक्टर आणि पांढरा कपडा मिळवावा, तो अंगणात बांधावा आणि प्रेक्षकांना पुढे, जमिनीवर बसवावे. मान वर करून पाहावे लागले की निम्मे काम झाले.

मराठवाड्यात घडणारा असा चित्रपट काढायचा झाला तर तो कसा असावा?

हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण मला तो विचारला जावा असे फार वाटते.

त्याचे कारण येथलेच असले पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. त्याच्या आधीची कित्येक वर्षे आपण काळ्या खडकात बोअर घेत होतो, शंभर फुटांवर पाणी लागले नाही तर तीनशे, तीनशेवर नाही तर सातशे. माझ्या कल्पनेतील प्राणी या खडकाच्या थरांमधील पाण्यावर लाखो वर्षे निजलेला आहे आणि आपण त्याच्या अंगाखालचे पाणी उपसून काढले आहे. मे महिन्यातील एका रात्री, पाणाड्याने नारळ फिरवून दाखवलेल्या जागी, बोअरची गाडी उभी आहे. भोकातून कोरडी पांढरी भुकटी उडते आहे, शेतकरी कर्जाचा आकडा मनात घोळवत उभा आहे, गाडीवरची तमिळ पोरे आणखी एक पाइप जोडत आहेत, आणि पाइप खाली जाण्याऐवजी वर येऊ लागतो.

पुढची कथा सैन्याची नको. ती भूजल सर्वेक्षणातील एखाद्या कनिष्ठ कर्मचारी बाईंची असावी. निरीक्षण विहिरींची पातळी त्या वर्षानुवर्षे वहीत उतरवत आल्या आहेत, एका पट्ट्यातील आकडे इतरांपेक्षा वेगळे आहेत हे त्यांनी आधीच कळवले आहे, आणि ती फाइल कोणीही उघडलेली नाही. प्राणी कोठून वर येणार हे त्या नोंदींवरून त्यांनाच ओळखता येते. सकाळी गावाबाहेर टँकर येतो, घागरींची रांग लागते, आणि रांगेतील चार घागरींमागे माणसे नाहीत, हे कॅमेऱ्याने दाखवावे.

एवढा चित्रपट आपल्याकडे निघणे शक्य आहे का, असे पुढे विचारले जाते. 'मायनस वन'ची सुमारे ६१० विशेष दृश्ये ३५ जणांच्या गटाने केली, दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच त्या विभागाचे प्रमुख होते, आणि २०२४ मध्ये त्या गटाला ऑस्कर मिळाले. दिग्दर्शकालाच हा पुरस्कार मिळण्याची ती स्टॅनली क्युब्रिक यांच्यानंतरची पहिली वेळ होती. आपल्या चित्रपटाला तर शहर पाडण्याची गरजही नाही. कोरडे रान, बोअरची गाडी, तहसील आणि टँकर हे सगळे औसा किंवा रेणापूर तालुक्यात जसेच्या तसे चित्रित करता येईल. बनवावा लागेल तो फक्त प्राणी, आणि माझ्या मते त्याचेही पाठीचे टोक तेवढे नांगरटीतून वर आलेले पहिल्या तासाभरात दिसले तरी पुरे.